फाटकाबाहेरचं पाल

आमची वैनी जयवंता कुठंबी गेली की आधी जमीन बघती. माणसं तोंडाकडं बघत्यात, ही पायाखाली बघती. तिच्या पोरानं, सौरवनं, टिळकवाडीत फ्लॅट घेतला तवा आम्ही सगळी बघायला गेलतो. तो बिचारा किचन दाखवालाय, टाइल्स दाखवालाय, आणि ही बाल्कनीत उभी राहून खालच्या पार्किंगकडं बघत मला म्हणती, "भावजी, हितं चार पालं निवांत बसतील. खरं पाणी सगळं त्या कोपऱ्यात साठंल बगा." मी तोंड फिरवून हसलो. सौरव काय हसला न्हाय. (आमच्याकडं 'पण' म्हणायचं तिथं 'खरं' म्हणत्यात.)

मी भरमू, तिचा धाकटा दीर. टेम्पो चालवतो. तोंडाचा फटकळ हाय, हे मीच सांगून टाकतो, म्हणजे दुसऱ्या कुणाकडनं ऐकायची पाळी तुमच्यावर नको. फटकळ माणसाला लाज कमी असती असं लोकांना वाटतं. वाटू द्या. हिडकल धरणाच्या पाण्याकाठी त्या फाटकावर मला जेवढी लाज वाटली तेवढी जन्मात कधी वाटली नव्हती, आणि अजून त्या रस्त्यानं ऊस भरायला जायचं म्हटलं की मी दुसऱ्या ड्रायव्हरला पाठवतो.

वैनीला जमीन बघायची सवय लागली ती डोंगरापायी. आमच्या वडगावातनं दरसाल पुनवेला सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगराला गाड्या जात्यात. पूर्वी बैलगाड्या, आता ट्रॅक्टर आणि माझा टेम्पो. मुक्काम सगळा पालात. पाल म्हणजे ताडपत्री, बांबू आणि खुंट्या, दुसरं काय न्हाय. माझा थोरला भाऊ होता तवर गाडी तो हाकायचा, खरं थांबायचं कुठं ते वैनी ठरवायची. तो कासरा ओढून तिच्याकडं बघायचा, ती मान हलवायची, मग बैल सुटायचे. भाऊ गेला, तरी लोक अजून गाड्या थांबवून तिच्याकडंच बघत्यात. कधी कधी चुकती बी. एकदा तिनं आम्हाला लाल मुंग्यांच्या वारुळावर झोपवलंतं. तरीबी दुसऱ्या वर्षी सगळ्यांनी तिच्याकडंच बघितलं.

आणि डोंगरावरनं परत आलं की आमच्यात सरळ घरात शिरायचं न्हाय. गावाबाहेर शिवारात उतरायचं, पाल ठोकायचं, चूल मांडायची. ह्याला आम्ही मारग मळणं म्हणतो. आधी देवीला निवद, मग वाटंनं जाणाऱ्याला बसवायचं, मग पावण्यापैंची पंगत. सगळ्यांची पोटं भरली की मग घराचा उंबरा. शिवारात पाल पडलं आणि पावण्यांना सांगितलं न्हाय, असं आमच्यात होत न्हाय. झालं तर वर्षभर तोंड दाखवायची सोय राहत न्हाय. आणि पालावरनं बोलावणं आलं तर न्हाय म्हणायचं न्हाय, मग मधी भांडण का असंना. वैनीच्या डोक्यात पाल आणि पंगत ही एकच गोष्ट हाय. पुढं जे झालं ते ह्यातनंच झालं.

तिला भाऊ एकच, सुबराव. संकेश्वरच्या अलीकडं, हमरस्ता सोडून आत, धरणाच्या पाण्याकाठी त्यांचं गाव. ऊस हाय, म्हशी हायत, आणि स्वभाव लई ताठ. सौरवच्या लग्नात अक्षता पडताना मामा म्हणून तो पाठीशी उभा होता, डोक्याला नवाकोरा गुलाबी पटका बांधून. फोटोवाला म्हणाला, "ओ काका, जरा बाजूला व्हा की, मधी यालाय." सुबराव बाजूला झाला. तो जो बाजूला झाला तो मांडवाच्या बाहेर, आणि तिथनं गाडीला किक मारून थेट गावाला. जेवला न्हाय. बहिणीच्या लग्नघरातनं सख्खा भाऊ उपाशी गेला, आणि आम्हाला ते पंगती उठल्यावर कळलं. सौरवला तर किती दिवस वाटत होतं, मामाला काय तरी घाई असंल.

तवापासनं सुबराव वडगावला फिरकला न्हाय. वैनीनं फोन केला की त्याची बायको मालुबाई बोलायची, "ते रानात गेल्यात." वैनी फोन ठेवायची आणि घासलेलंच भांडं परत घासाय घ्यायची. मी म्हणायचो, "असू दे की वैनी, येईल राग उतरल्यावर." ती म्हणायची, "भावजी, तो माझ्या दारातनं उपाशी गेलाय. माझ्या हातचं त्यानं एकदा पोटभर खाऊ दे, मग मला कायबी होऊ दे." सुनेनं सोन्याच्या बांगड्या करून दिल्या तवाबी ती एवढंच म्हणली.

आता सौरवचं सांगतो. पोरगा वाईट न्हाय, हे मी रागात असलो तरी म्हणतो. कंपनीत चांगल्या जागेवर हाय, आईला कधी उलट बोलत न्हाय. दिवाळीनंतर त्याच्या मनात आलं, आईनं डोंगर सोडून आयुष्यात काय बघितलं? तिला तळ्याकाठच्या कॅम्पात न्यायचं. ह्याला ग्लॅम्पिंग म्हणत्यात. माधवीनं, म्हणजे आमच्या सुनेनं, वैनीला समजावलं, "आई, तंबूच असतो, पण आत पलंग, पंखा, गरम पाणी, बाथरूम सगळं असतं."

"पालात संडास?" वैनी इतकी हसली की तिला ठसका लागला.

सौरव मोबाईल घेऊन तिच्या शेजारी बसला. "तू निवड आई. तू म्हणशील तिकडं." पोराच्या मनात काय खोट नव्हती. पहिलं ठिकाण चोर्ल्याकडचं, दाट झाडीतलं. वैनीनं चष्मा चढवून बघितलं. "ह्यांनी पालं ओघळीत मांडल्यात की रं. पाऊस आला तर अंथरूण तरंगंल."

"खाली लाकडी प्लॅटफॉर्म हाय आई."

"मग ऱ्हाऊ दे. खरं एवढ्या झाडीत माणूस आलेला दिसणार न्हाय."

दुसरं तिलारीच्या पाण्याकडचं. निळं पाणी, पांढरे गोल तंबू, फोटो बघूनच जीव गार व्हावा असं. वैनी म्हणली, "चांगलं हाय. खरं लई लांब. तितं कोण येणार?"

"कुणी येऊ नये म्हणूनच जायचं की आई," सौरव म्हणाला.

वैनीला वाटलं पोरगा चेष्टा करालाय. ती हसली, तोबी हसला. दोघं दोन वेगवेगळ्या गोष्टीला हसलेत हे मी तिथं बसून बघितलं, आणि मलाबी तवा कळलं न्हाय.

तिसरं हिडकलचं. फोटोत तंबूंच्या मागं एक बोडका माळ होता, वर एकच लिंबाचं झाड. वैनीनं मोबाईल पोराच्या हातातनं काढूनच घेतला. "हा आमचा बिरोबाचा माळ," ती म्हणली. "ह्याच्या पलीकडं आण्णाचा ऊस." आण्णा म्हणजे सुबराव. मग मोबाईल परत देत म्हणली, "हेच. दुसरं काय दाखवू नगो." सौरव खूश. आईला माहेरच्या पाण्याजवळ राहावं वाटलं, एवढंच त्याला समजलं.

दुसऱ्या दिवशी वैनी मला म्हणली, "रविवारी टेम्पो मोकळा ठेवा भावजी. पातेली, परात, तवा घ्या, मटण घ्या, पीठ मी दळून ठेवतो. वाटेत आण्णाच्या गावात जाऊन त्याला आणि घरच्या सगळ्यांना घ्या आणि पालावर या." आमच्याकडं बायकाबी अशाच बोलत्यात, 'मी ठेवतो, मी जातो'.

"सौरवला म्हाईत हाय?" मी विचारलं.

"त्यानंच तर पाल घेतलंय," वैनी म्हणली.

मला वाटलं, चला, पोराला शहाणपण आलं, मामाची समजूत काढालाय. सौरवला आपण विचारलं न्हाय, असं वैनीच्या मनाला शिवलंबी नव्हतं. भावाच्या वेशीवर पाल पडलंय तर भावाला बोलवायचं, ह्यात विचारायचं काय? तिनं फोन केला. मालुबाईनं 'रानात गेल्यात' म्हणायच्या आत वैनी म्हणली, "त्याला म्हणावं, जयवाचं पाल पडणार हाय तुमच्या वेशीवर."  मग सुबराव स्वतः फोनवर आला. "येतो," म्हणाला. तेवढंच. वैनीनं ते 'येतो' मला सांगितलं, माझ्या बायकोला सांगितलं, शेजारी मागावर विणणाऱ्या बायकांना सांगितलं, आणि पीठ दळायला जाताना गिरणीवाल्यालाबी सांगितलं.

शनिवारी ती तिघं कारनं गेली. तिथं काय झालं ते मला माधवीनं नंतर सांगितलं. वैनी त्या तंबूत शिरली आणि चारी बाजूनं हात लावून कापड बघितलं. पलंगावर बसली, गादी दाबून बघितली, परत बसली. बाथरूमचा नळ सोडला आणि गरम पाणी आल्यावर बाहेर येऊन माधवीला म्हणली, "अगं, खरंच की!" संध्याकाळी पाण्यावर ऊन पडलंतं, सौरवनं तिला होडीत बसवलं, लाल जाकीट घातलं. ती होडीवाल्याला धरणाआधीच्या वाटा सांगत बसली. वैनीला ते सगळं लई आवडलं. नाक मुरडणारी बाई ती न्हाय. उलट चहा पिताना तिनं माधवीला विचारलं, "ही गादी आण्णाला बसायला दिली तर चालंल नव्हं?" माधवीला वाटलं, आई आपली गंमतीनं बोलालीय.

रविवारी सकाळी मी सुबरावच्या गावात पोचलो. तो अंगणात तयार होऊन बसलावता. डोक्याला तोच गुलाबी पटका. मालुबाईनं दह्याचं गाडगं, खर्डा आणि पुरणाच्या कडबूचा डबा बांधलाता. पोरंटोरं, एक म्हातारी चुलती, सगळी टेम्पोत चढली. सुबराव माझ्या शेजारी पुढं बसला. वाटेत एकदाच बोलला, "पोरानं बोलवलंय म्हणजे बरं झालं, पाव्हणं. लग्नातलं मी धरून ठेवायला नको होतं." मी म्हटलं, "व्हय की." माझाबी ऊर भरून आला बगा.

कॅम्पाचं फाटक बंद होतं. राखणदार यल्लाप्पा, तिथलाच माणूस, खिडकीशी आला. कुठं निघालाय, असं कन्नडमधनं विचारलं. मी सांगितलं, आतल्या जयवंताबाईचे भाऊ हायत, जेवायला आलेत. त्यानं मागची पातेली बघितली, पोरं बघितली, जरा गोंधळला. "नावं दिलेल्यांनाच आत सोडायचा हुकूम हाय आण्णा. विचारून सांगतो," म्हणाला आणि आत फोन लावला. रेंज लागत नव्हती म्हणून फोन हातात समोर धरून स्पीकरवर बोलायला लागला. तेवढंच नको होतं.

मॅनेजरनं ऐकून घेतलं. मग तिकडं तो कुणाला तरी विचारताना ऐकू आलं, "सर, गेटवर एक टेम्पो आलाय, भांडी घेऊन लोक आहेत. तुमच्या आईंचे भाऊ म्हणतात. तुमचे कोणी आहेत का?"

मागं बश्या वाजत होत्या, कोण तरी हसत होतं. आणि मग आमच्या सौरवचा आवाज आला, अगदी स्पष्ट, शहरातल्या बोलीत.

"नाही हो. आमचं कोणी नाही. आम्ही कुणाला बोलावलं नाहीये."

 मागं मालुबाईनं तोंडाला पदर लावला. म्हातारी चुलती कानानं कमी, ती विचारालीय, "काय म्हणला? काय म्हणला गं सौरव?" आणि तिला सांगणार कोण.  माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी दार उघडून खाली उडी टाकली, यल्लाप्पाच्या हातातला फोन हिसकावणार, त्या पोराला आईबापासकट उद्धारणार, एवढ्यात सुबरावनं आतनं माझा सदरा धरला.

"भांडू नका पाव्हणं," तो म्हणाला. "आमचं कोण न्हाय म्हणल्यावर भांडायचं कुणाशी? वळवा गाडी."

त्याच्या तोंडाकडं बघायची माझी हिंमत झाली न्हाय. माझ्याच भावाचं पोरगं. माझ्या खांद्यावर बसून जत्रा बघितलेलं. मी नुसता किल्ली हातात धरून उभा राहिलो. मेल्याहून मेल्यागत झालं बगा.

वैनी सकाळपासनं तंबूच्या दारात रस्त्याकडं तोंड करून बसलीती. तिनं टेम्पो येताना बघितला, फाटकावर थांबलेला बघितला, आणि आत येत न्हाय हेबी बघितलं. ती तशीच उठून चालत आली, पायात चप्पल न्हाय. माधवी तिच्या मागनं. "फाटक का उघडलं न्हाईस रं?" तिनं यल्लाप्पाला विचारलं.

"आतनं सर न्हाय म्हणाले, आक्का."

"कोण सर?"

यल्लाप्पानं मान खाली घातली. वैनीनं माझ्याकडं बघितलं, मीबी खाली घातली. मग तिला कळलं. तिचा चेहरा एवढासा झाला. भाऊ पाच पावलांवर टेम्पोत बसलेला, खरं तिनं तिकडं वर डोळा करून बघितलं न्हाय. माझ्या थोरल्या भावाला अग्नी दिला त्या दिवशीबी मी तिला असं उभं राहिलेलं बघितलं नव्हतं. तवा तिला रडता तरी आलं.

मग तिनं जमीन बघितली. फाटकाच्या डाव्या अंगाला, कुंपणाच्या बाहेर, गावातल्या म्हशी पाण्यावर उतरत्यात तिथं जरा सपाट जागा होती. ती तिकडं चालत गेली, टाचेनं माती दाबून बघितली आणि मला म्हणली, "भावजी, ताडपत्री सोडा. हितं पाल ठोका."

"वैनी, आता कशाला..."

"ठोका म्हणतो नव्हं!"

मी ठोकलं. तीन धोंडे मांडले, माधवीनं पाण्याकाठची काटकं गोळा केली. वैनीनं चूल पेटवली आणि मग पहिल्यांदा भावाकडं तोंड केलं. "आण्णा, पाल पडलंय," ती म्हणली.  पालावरनं बोलावल्यावर न्हाय म्हणता येत न्हाय, सुबराव उतरला. पाण्याकडं तोंड करून, आमच्याकडं पाठ करून बसला.

मटण शिजायला लागलं तसा धूर आणि वास कुंपणातनं आत गेला. आतले पावणे कुंपणाला येऊन बघायला लागले. एक टोपीवाला बापडा मला विचारतो, "भाऊ, हे व्हिलेज फूडचं आपल्या बुकिंगमध्येच आहे का?" मी त्याला काय म्हणालो ते हितं सांगत न्हाय. खरं वैनी आतनं ओरडली, "भावजी! पालावर आलेल्याला असं बोलतात? बसवा त्यांना." बसवलं. वाटसरूंची पंगत मांडली, त्यात यल्लाप्पा बसला, मेंढरं घेऊन चाललेला एक धनगर बसला, तो टोपीवाला बसला. पलीकडं पावण्यांची पंगत, सुबराव, चुलती, पोरं.

निवद पाण्यात सोडून वैनी वाढाय लागली, तवा सौरव आला. अर्धी चड्डी, हातात मोबाईल. तोंड लालबुंद. "आई, काय हे? मला सांगायचं तरी. सगळे लोक बघालेत." बोलता बोलता त्याचा आवाज बसत गेला, कारण त्याची नजर मामाच्या पटक्यावर गेलीती. यल्लाप्पाचा फोन स्पीकरवर होता हे त्याला म्हाईतच नव्हतं. आपण काय बोललो ते फाटकावर ऐकू गेलं, हे त्याला आमच्या तोंडांवरनं कळलं.

त्याची चूक एवढीच होती का, मी कितीदा विचार केलाय. आईनं सांगितलं न्हाय हे खरं. तो गांगरला हेबी खरं. तरीबी 'तुमच्या आईंचे भाऊ' एवढं ऐकल्यावर माणूस धावत फाटकावर जातो. त्याला चार अनोळखी लोकांसमोर आमची भांडी दिसली, आणि आमची त्याला लाज वाटली. आमची. सांगताना आत्ताबी माझे कान तापत्यात.

तो खाली मान घालून मामाच्या पंगतीत बसाय गेला. वैनीच्या एका हातात पत्रावळ, एका हातात भाकरीची दुरडी. ती त्याच्या आडवी आली.

"तिकडं न्हाय," ती म्हणली. आवाज चढवला न्हाय, नेहमीसारखाच. "ती पावण्यांची पंगत हाय. वाटसरू हितं बसत्यात."

तिनं यल्लाप्पा आणि धनगराच्या मधी पत्रावळ मांडली. भाकरी वाढली, रस्सा वाढला, मीठ वाढलं. "जेव. भूक लागली असंल." सौरव मांडी घालून बसला. तो टोपीवाला त्याला म्हणाला, "एकदम ऑथेंटिक आहे ना?" सौरव खाली बघून घास गिळत होता. माधवी पाणी वाढत होती, तिनं नवऱ्याच्या पेल्यात पाणी ओतलं आणि पुढं गेली.

वैनी मग भावासमोर गेली आणि त्याच्या पत्रावळीत वाढलं. सुबरावनं एक घास घेतला. चावला, गिळला, आणि तांब्यातलं पाणी घेऊन हात धुतला.

"तुझा मान ठेवला, जयवा," तो म्हणाला. "ह्याच्यापुढं घशाखाली जात न्हाय."

ती "बरं" म्हणली. पत्रावळ तशीच उचलून धनगराच्या कुत्र्यापुढं ठेवली.

परत येताना ती कारमधनं आली न्हाय, माझ्याबरोबर टेम्पोतनं आली. हत्तरगी गाव मागं पडलं. मग म्हणली, "चूक माझी, भावजी. पोराला न सांगता बोलवलं. खरं भावाला जेवायला बोलवायचं म्हणजे विचारायचं कुणाला असतं?" मी गिअर बदलला. थोड्या वेळानं पदरानं तोंड पुसून म्हणली, "दोघांनाबी मीच फाटकावर उभं केलं. एकाला बाहेर, एकाला आत." आणि मग घर जवळ आल्यावर म्हणली, "गादी मात्र लई चांगली होती."

त्यानंतर तिनं सौरवला त्याबद्दल एक शब्द विचारला न्हाय. तो यायचा, ती जेवायला वाढायची, सुनेची चौकशी करायची. शिव्या दिल्या असत्या तर पोरगं सुटलं असतं. तो मामाच्या गावाला जाऊन आला, एकदा न्हाय, कितीदा. दरवेळी मालुबाईनं पाणी दिलं आणि सांगितलं, "ते रानात गेल्यात."

पुस महिन्यात आम्ही डोंगराला जाऊन आलो. वडगावच्या शिवारात पालं पडली, मारग मळायचा दिवस ठरला. दरसाल वैनी सगळ्यांना फोन लावती. ह्यावेळी मामाचं नाव आलं तसं तिनं फोन सौरवपुढं सरकवला. "बोलवायचं ते तू बोलव. मला आता तोंड न्हाय."

सौरवनं फोन लावला. पलीकडनं कोण बोललं, काय बोललं, त्यानं सांगितलं न्हाय. खरं मारग मळायच्या दिवशी सकाळपासनं तो शिवाराच्या वाटेवर, रस्ता वळतो तिथं उभा. ऊन चढलं, वाटसरू जेवून उठले, पावणे यायला लागले, सुबरावची म्हातारी चुलतीबी दुसऱ्या पावण्यांच्या गाडीतनं येऊन पालात बसली. येणारा जाणारा त्याला विचारालाय, "काय रं, हितं का उभा?" तो नुसता रस्त्याकडं बघालाय. मी म्हणालो, "वैनी, वाढा आता. तुमचा भाऊ काय येत न्हाय." ती चुलीपुढं वाकून भाकरी थापत होती, वर बघितलं न्हाय.

आणि गुलाबी पटका दिसला. सुबराव आणि मालुबाई बस सोडून चालत येत होते. सौरव पुढं पळाला आणि पायाला हात लावायला वाकला. सुबराव दोन पावलं मागं सरला.

"कोण रं तू?" त्यानं विचारलं.

 सौरव खाली बघत काय तरी पुटपुटला.

"आयकू आलं न्हाय. कुणाचा कोण?"

"तुमचा... भाचा."

"माझी चुलती तितं पालात बसलीया, तिला कमी आयकू येतं. त्या दिवशी तिला कुणी सांगितलं न्हाय तू काय म्हणलास. आता तिला आयकू जाईल असं सांग."

सौरवनं मान वर केली. टिळकवाडीचा पोरगा, इस्त्रीचा शर्ट, डोळ्यांतनं पाणी गळतंय, आणि एवढ्या माणसांत तो घसा फोडून ओरडला, "मी भाचा हाय! सुबरावमामाचा भाचा!"

सुबरावनं पटका सारखा केला.

"मग वाट सोड की," तो म्हणाला. "भूक लागलीया."

तो पालात येऊन बसला. वैनीनं वाढलं, त्यानं खाल्लं, परत मागितलं, तिनं परत वाढलं. आमच्या वैनीनं आयुष्यात पहिल्यांदा तव्यावरची भाकरी करपवली, आणि सुबरावनं तीच मागून घेतली.